दंडावरचा हात

कुणी बारकीकडे पाहिलं की आजी आधी तिचा दंड झाकायची. चेहरा नाही, कपाळ नाही, दंड. चार बोटं आणि अंगठा त्या काटकीएवढ्या दंडाभोवती असा गच्च बसायचा की लांबून पोरीनं कडं घातलंय असं वाटावं. आणि मग ती बघणाऱ्याला सांगायची, "बरं हाय म्हनू नगंस हां."

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय, म्हातारी दृष्टीला भीत असेल. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, गोबऱ्या पोराला मुद्दाम मेलं रोडकं म्हणणारी. मलाही तसंच वाटलं. वर्षाच्या वर मला तसंच वाटत राहिलं, आणि त्या वाटण्यापायी एक पोर जाता जाता राहिलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी माझं सांगते. मी आंदर मावळात अंगणवाडीची मदतनीस होते. सेविकाबाई रजिस्टरं लिहायच्या आणि मी खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची. शिक्षण चौथी. खरं वाचायला शिकले ते अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यांवरून, त्यामुळे मला 'आनंद'च्या आधी 'अतिसार' वाचता यायला लागला. अंगणवाडीला तेव्हा खोली नव्हती. आमच्या बुद्धविहाराच्या पडवीत ती भरायची आणि वजनाचा टांगता काटा पडवीच्या आडव्या वाशाला अडकवलेला असायचा. त्याला कापडाची झोळी. पोराला झोळीत ठेवायचं, पोर भोकाड पसरणार, बाई आकडा बघणार. महिन्यातून एकदा हा तमाशा.

आजीची वाडी वर, धरणाच्या अंगाला, अर्ध्या तासाच्या चढावर. बारा-तेरा घरं. दिवाळी झाली की वाडीतली सगळी धडधाकट माणसं वीटभट्टीवर जायची ती पाऊस तोंडावर आला की परतायची. मागं उरायची म्हातारी आणि कुत्री. आजीसुद्धा जन्मभर जात आली होती. विटा थापून थापून तिच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या, शेंगदाण्याच्या सालीसारखी गुळगुळीत बोटं. टाकव्याला बँकेचा माणूस मशीन घेऊन बसायचा, तिथं अंगठा टेकवला की मशीन म्हणायचं ही बाई ओळखत नाही. आजी अंगठा पदराला पुसायची, पुन्हा टेकवायची, मग मशीनकडे बघून शांतपणे सांगायची, "अरं, मीच हाय ती."

बारकीच्या आधी तिला एक नात होती. मोठी म्हणायचे तिला. ती भट्टीवरच गेली, तापानं. दवाखाना लांब होता, उचल घेतलेली होती, मुकादमानं म्हटलं उद्या बघू. हे आजीनं मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, खडा बाजूला टाकावा तसं. सांगून झाल्यावर तिनं सूप जोरात झाडलं आणि कोंबडीला शिव्या घातल्या.

तर अशात योजना आली. भादव्यात तालुक्याहून दोघंजण आली आणि पट्टीनं पोरांचे दंड मोजले. ती पट्टी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. कागदासारखी असते, तिच्यावर तीन रंग. दंडाभोवती गुंडाळायची. लाल आलं तर पोर फार अशक्त, पिवळं आलं तर जपायला हवं, हिरवं म्हणजे चांगलं. लालातल्या पोरांची नावं लिहून घेतली. त्या पोरांना जो सांभाळतो त्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पैसे येणार, दोन वर्षं. अट एकच, दर महिन्याला पोर काट्यावर आणायचं. साहेबांनी हे सगळं चांगल्या पुस्तकी मराठीत सांगितलं. लाभार्थी, नियमित उपस्थिती, असं काय काय. आजी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होती. मला वाटलं, समजलं तिला.

बारकी लालात होती. सव्वा वर्षाची, आणि मान अजून हवी तशी ताठ नाही. त्या दिवाळीला तिचे आईबाप भट्टीवर गेले, पण आजी पहिल्यांदा मागं राहिली आणि बारकीला मागं ठेवून घेतलं. पैसे येणार होते म्हणून जमलं ते. नाहीतर आजीला पोटासाठी जावंच लागलं असतं आणि पोरीला विटांच्या राखेत झोपवावं लागलं असतं.

पैशानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. लोक म्हणतात, फुकटचं देऊन माणसं बिघडतात. म्हणोत बापडे. आजीनं पहिल्या पैशातून कोंबडी घेतली, पुढच्यातून तेल आणि तूरडाळ. अंडं भाताच्या पातेल्यात उकडायची आणि बारकीला कुस्करून भरवायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पोरीला ताप आला तर दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसायची. आधी पाचव्या दिवशी बसायची, तेही उसनं मिळालं तर. दुसऱ्या आणि पाचव्या दिवसात किती अंतर असतं ते मोठीला विचारायला हवं होतं.

वर्षभरात बारकी उभी राहिली, भिंत धरून चालली, मग भिंत सोडून. कोंबडीच्या मागं पळायची आणि कोंबडीचंच खाणं उचलून तोंडात घालायची. आजी ओरडायची, "अगं ते तिचं हाय, तुजं पातेल्यात हाय." मी हसायची. पण कडेवर घेऊन खाली आली की दंडावर हात आणि तेच, बरं हाय म्हनू नगंस.

दसऱ्याच्या सुमाराला मी पट्टी लावली आणि पट्टीवरचा बाण पिवळ्यात आला. मला किती आनंद झाला सांगू. मी टाळी वाजवली. म्हटलं, आजी, पिवळ्यात आली तुझी नात, आता होळीपर्यंत हिरव्यात नेऊन सोडते बघ. आजीचं तोंड राखेसारखं झालं. तिनं पोरीला माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, खिचडीला थांबली नाही आणि चढाला लागली. बाई म्हणाल्या, "तुम्ही टाळी कशाला वाजवलीत, म्हातारी दृष्टीला भिते." मी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी मीठ-मोहरी घेऊन वर गेले आणि माझ्याच हातानं पोरीची दृष्ट काढली. आजी बसून बघत होती. तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल.

दिवाळी झाली, वाडी रिकामी झाली. पुढच्या काट्याला बारकी जरा उतरली होती. त्याच्या पुढच्याला आणखी उतरली. बाईंनी पोषण आहाराचे पुडे वाढवून दिले, मी वर पोचवले. एकदा काट्याच्या आदल्या दिवशी गेले तर आजीच्या शिंकाळ्यात चार अंडी. म्हटलं, ही का साठवलीस, पोरीला घाल की. म्हणाली, कोंबडी खुडूक बसवायचीय, पिलं काढायचीत. मला पटलं. का नाही पटणार, आम्हीही अशीच साठवतो. बारकी उंबऱ्याला टेकून बसली होती. कोंबडी तिच्या पायावरून गेली तरी तिनं बघितलं नाही. हे मी पाहिलं, आणि पाहूनही उतरून घरी आले. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहायला हवं.

पौषातला काट्याचा दिवस. सकाळी धरणावरून धुकं इतकं आलं होतं की पडवीतून समोरचा पिंपळ दिसत नव्हता. बाई वडगावला मीटिंगला गेल्या होत्या, काटा माझ्या गळ्यात. चुलीवर खिचडी चढवली होती. धुक्यातून आधी आजीच्या चपलांचा आवाज आला, मग आजी. बारकी पदराखाली. मी पदर बाजूला केला, पोरीला उचलली आणि झोळीत ठेवली.

पोर रडलं नाही.

तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. पण मी इतकी वर्षं त्या काट्याखाली उभी राहिले, झोळीत न रडणारं पोर मी पाहिलं नव्हतं. झोळी हळूहळू फिरत होती आणि तिची मान झोळी जाईल तिकडे जात होती. डोळे अर्धे उघडे, त्यांत नुसतं पांढरं. कपाळावर घाम, त्या थंडीत. हाताला हात लावला तर विहिरीच्या दगडासारखा. काट्यावरचा आकडा मी पाहिलाच नाही. तिला खाली घेतली, छातीशी धरली, हाक मारली. बारके, ए बारके. चुलीवर खिचडी करपायला लागल्याचा वास येत होता आणि मला एवढंच सुचत होतं की खिचडी करपतेय.

मग साखर आठवली. बाईंनी शिकवलं होतं. डब्यातली साखर बोटावर घेतली, ओली केली आणि तिच्या गालाच्या आत चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. दुधाची गाडी रस्त्यावर उभी होती. ड्रायव्हरनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पुढचे दोन कॅन खाली उतरवले, तिथंच, रस्त्याच्या कडेला. आम्ही बसलो.

धरणाच्या कडेचा तो रस्ता. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं, ड्रायव्हर हॉर्न देत देत चालवत होता. बारकी माझ्या मांडीवर, माझं बोट तिच्या गालात. दर वळणाला मी तिच्या नाकापुढं हात धरायची. श्वास लागला की पुढच्या वळणापर्यंत मीही श्वास घ्यायची. आजी शेजारी बसली होती, आणि तिचा हात पोरीच्या दंडावर. तसाच. तेव्हाही.

मी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंय हिनं. आजीनं पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला. काल काय खाल्लं. परवा.

"पेज दिलती. पातळ."

आणि अंडी, मी म्हटलं. घालते ना कोंबडी.

"ठिवलीत. काटा झाला की देती. काट्यानंतर रोज देती, लय देती. आदी न्हाई देत." मग ती खिडकीबाहेर, त्या पांढऱ्या धुक्याकडं बघत म्हणाली, "हिरवी झाली आसती तर पैसं बंद झालं आसतं. मंग मलाबी जावं लागलं आसतं, आन हिलाबी. मोठीवानी. म्या भुकंला भ्याले न्हाई गं बाय, भट्टीला भ्याले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिल्यांदा एक दिवस तिनं पोरीला उपाशी ठेवलं होतं. एका दिवसानं दंड उतरेना म्हणून दोन दिवस. मग चार. हात धरून बसायची ते दंड भरला की काय हे चाचपायला. लोकांनी बरं म्हणू नये, कारण ते साहेबांच्या कानावर गेलं तर.

मी म्हटलं, आजी, ते पैसे लालाचे नाहीत. पोरीला काट्यावर आणण्याचे आहेत. हिरवी झाली तरी चालू राहतात, दोन वर्षं पुरी होईस्तोवर. तुला कुणी सांगितलं बंद होतात?

आजीनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं.

"तूच म्हनालतीस."

मी कधी म्हणाले.

"नावं लिवली त्या दिशी. शेजारनीला. तुजं पोर हिरव्यात हाय, त्याला कशाला पैसं."

म्हणाले होते. आठवलं मला. शेजारीण हिरमुसली होती, माझ्या पोराचं नाव का नाही म्हणून, आणि मी खिचडी ढवळता ढवळता तिला हसवायला बोलून गेले होते. सगळ्या हसल्या होत्या. साहेबांचं ते पुस्तकी बोलणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, माझं तेवढं राहिलं. कारण ते कळण्यासारखं होतं.

पुढचं अंतर मी कसं बसून काढलं ते मला सांगता येणार नाही. कान्हे फाट्याला धुकं विरळ झालं तेव्हा बारकीनं माझं बोट चोखलं. एकदाच, हलकं. मी आजीला सांगितलं नाही. खोटं ठरलं असतं तर काय केलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, सलाइन लावली. आम्ही दारात उभ्या होतो. बऱ्याच वेळानं आतून रडण्याचा आवाज आला, चिडका, पातळ, मांजराच्या पिलासारखा. आजी दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घातलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, विचारलं, पोटात काही नव्हतं हिच्या, असं कसं झालं. आजी उठायला लागली. ती सगळं सांगणार होती, तिच्या तोंडावर दिसत होतं. मी तिच्या पुढं झाले. म्हटलं, बाई, पैशांचं समजण्यात चूक झाली, आणि ती माझ्यापासून सुरू झाली. मग मी सांगितलं, पहिल्यापासून. डॉक्टरीणबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "आता इथं आहे तोवर दोन-दोन तासांनी भरवायचं. आजींनीच भरवायचं."

आजीनं पंधरा दिवस भरवलं. भिंतीवरच्या घड्याळातलं तिला कळत नव्हतं, म्हणून ती दर थोड्या वेळानं नर्सला विचारायची, झालं का दोन तास. नर्स वैतागून म्हणाली, "आजी, तुम्ही मला दोन तासांत दहा वेळा विचारता." आजी म्हणाली, मंग एकदा तरी बरोबर येतंय ना.

त्या प्रसंगानंतर मी प्रत्येक काट्याला प्रत्येक आईला आधी पोराला काय खाऊ घातलं ते विचारायला लागले आणि पैशांचं माझ्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगायला लागले. हिरवी झाली तरी मिळतात. ऐकून ऐकून बायका कंटाळल्या. ज्येष्ठात बारकी हिरव्यात आली. मी टाळी वाजवली नाही. आजी आणि मी दोघी टाकव्याला गेलो. मशीननं दोनदा ओळखलं नाही, तिसऱ्यांदा ओळखलं. पैसे आले होते. आजी त्या बँकेच्या माणसाला म्हणाली, "आरं, माजी नात हिरवी झालीया. तरीबी?" त्याला काय कळणार. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, आजी, रांग आहे मागं.

पण हात काही दंडावरून सुटला नाही. भीती एकदा हातात शिरली की समजावून निघत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. दोन वर्षं पुरी झाली, पैसे थांबले, तोवर एका कोंबडीच्या पाच झाल्या होत्या, अंडी विकून आजीचं भागत होतं आणि बारकी स्वतःच्या हातानं जेवत होती. आजी पुन्हा भट्टीवर गेली नाही. बारकी शाळेत जायला लागली. मी नोकरी संपवून कान्ह्याला मुलाकडे राहायला आले.

मागच्या गणपतीनंतर निरोप आला की आजीनं अंथरूण धरलंय. वर गेले. चढ आता मला झेपत नाही, तीनदा बसले. आजी गोधडीत एवढीशी झाली होती. बारकीनं माझ्या पिशवीत हात घातला आणि तिला ती जुनी पट्टी सापडली, कडा फाटलेली. माझ्याकडे का होती विचारू नका, कुणाकडे काय काय असतं. म्हणाली, "मावशी, आजीला लाव ना."

लावली. कातड्याखाली नुसतं हाड, पण शेवटी मोठ्या माणसाचं हाड. लहान पोरांची पट्टी ती.

आजीनं विचारलं, "कंचा रंग?"

हिरवा, मी म्हटलं.

आजी बोळक्या तोंडानं हसली. म्हणाली, "मंग मला काय मिळायचं न्हाई." बारकीही हसली, तिला काय कळलं कुणास ठाऊक. मग आजीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "म्हन की आता."

काय म्हणू.

"बरं हाय म्हन. आता म्या न्हाई भीत."

त्यानंतर ती आठ दिवस होती. मी म्हणायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट, तिनं मागितलेली, बारकी बघत उभी होती. खाली पाहिलं तर पट्टी दिसत नव्हती. चार बोटं आणि अंगठा, माझा हात तिच्या दंडावर गच्च बसला होता.